एक चिमटा जमिनीवर पडला आणि हाफकिन यांची नोकरी गेली. दाताच्या ड्रिलचा त्याच्याशी काय संबंध?

वर्धा जिल्ह्यात दाढ ठणकायला लागली की घरातलं कुणीतरी सावंगीचं नाव काढतंच. सावंगी (मेघे) इथं दंत महाविद्यालय आहे, शहरात दवाखाने आहेत आणि खर्ऱ्याच्या कृपेने पेशंटची कमी कुठंच नाही. खुर्चीवर आडवं झालं, दिवा डोळ्यांवर आला आणि ते घूं घूं करणारं मशीन तोंडाजवळ आलं की मनात एक प्रश्न येतो. हे याच्या आधी कुणाच्या तोंडात होतं? बहुतेक जण तो प्रश्न लाळेसोबत गिळून टाकतात.

उत्तर सोपं असायला हवं. ड्रिल धुतलं, घासलं, पाकिटात घातलं आणि ऑटोक्लेव्हमधून काढलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे समजा मोठा प्रेशर कुकर. १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं किंवा १३४ अंशांना ३-४ मिनिटं दाबाखालची वाफ दिली की जंतू संपतात.

गोची अशी आहे की ही वाफ जंतूंसोबत ड्रिलचंही आयुष्य खाते. दर फेरीला थोडं थोडं. ड्रिल स्वस्त नसतं. मग दरवेळी कुकरमध्ये कशाला, औषधी पाण्यात बुडवून घेऊ, स्पिरिटने पुसून घेऊ, असा मोह कुठल्याही दवाखान्याला होऊ शकतो.

या मोहाची किंमत काय असते हे समजून घ्यायचं तर दाताचा दवाखाना थोडा वेळ बाजूला ठेवून १९०२ सालात जावं लागेल. एका चिमट्याकडे. आणि ज्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आजही उभी आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांच्याकडे.

ग्रंथालयातली नोकरी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, काळ्या समुद्राकाठचं बंदर. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू होतं, आणि झारच्या रशियात ज्यू असणं म्हणजे कधी दंगल होईल याचा नेम नाही अशी अवस्था. विद्यार्थी असताना हाफकिन आपल्या वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांच्या गटात होते. त्यात त्यांना अटकही झाली. सोडवायला धावून आले ते त्यांचे शिक्षक इल्या मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं.

पदवी झाली, हुशारी सगळ्यांना मान्य होती, पण पुढची वाट बंद. प्राध्यापक व्हायचं असेल तर धर्म बदला, अशी अट. हाफकिन यांनी ती नाकारली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, काही काळ जिनिव्हात शिकवलं आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथं मोकळी जागा एकच होती, सहायक ग्रंथपालाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे. फावल्या वेळात व्हायोलिन.

त्या काळात युरोप आणि आशिया कॉलऱ्याने पोखरला जात होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी तिची पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली. तरीही त्यांच्या लशीवर कुणी सहज विश्वास ठेवेना.

विश्वास बसायला कॉलरा असलेला देश हवा होता. तो होता हिंदुस्थान. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्या, चहाचे मळे आणि वस्त्या पालथ्या घालून त्यांनी ४० हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. स्वतःला मलेरिया झाला, तब्येतीसाठी इंग्लंडला जावं लागलं, पुन्हा परत आले.

मुंबई, १८९६

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही. घराघरांची झडती, वेगळ्या छावण्या, स्टेशनांवर तपासण्या. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रेल्वेमार्गाने रोग आत सरकत होता, आणि मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते आले. कामाला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात, अगदी लहानशी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली.

ही लस बनवण्याची पद्धत वाचली की मजा वाटते. जंतू वाढवायचे ते मांसाच्या रसात. पण गाय आणि डुक्कर दोन्ही चालणार नाहीत हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. रसावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून लोंबणाऱ्या दगडी सुळक्यांसारखे. बाटली हलवली की ते खाली पडायचे आणि वर नवे वाढायचे. पुरेसे झाले की बाटली गरम करून जंतू मारायचे. वरून थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, म्हणजे दुसरं काही वाढणार नाही. हे कार्बोलिक आम्ल लक्षात ठेवा.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली, सर्वसामान्य डोसच्या कितीतरी पट. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार होणाऱ्या कैद्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होते.

लोकांचा विरोध होताच. गोऱ्या सरकारने काहीतरी टोचायचं म्हणजे संशय येणारच, आणि त्या वेळी सरकार ज्या पद्धतीने घरात घुसत होतं ते पाहता तो संशय मला तरी अनाठायी वाटत नाही. या काळात हाफकिन यांच्या पाठीशी तिसरे आगाखान उभे राहिले. त्यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, प्रयोगशाळेला जागा दिली आणि हजारो खोजा मंडळी लस घ्यायला पुढे आली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा माणूस दहा वर्षांत जगातल्या सर्वांत मोठ्या लसनिर्मिती केंद्रांपैकी एक चालवत होता.

बाटली क्रमांक ५३ एन

१९०२ मध्ये पंजाब प्रांताने लाखोंच्या संख्येने लोकांना लस द्यायचं ठरवलं. परळवर मागणीचा डोंगर कोसळला. लस लवकर आणि भरपूर बनावी म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केले. त्यातला एक म्हणजे कार्बोलिक आम्ल बंद केलं. नीट उष्णता दिली तर रसायनाची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही याच दिशेने काम चाललं होतं.

३० ऑक्टोबर १९०२. मुलकोवाल नावाचं गाव, जे आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. त्या दिवशी तिथं १०७ जणांना लस दिली गेली. बाटल्या पाच. त्यातल्या ५३ एन या एका बाटलीतून १९ जणांना टोचलं.

आठवडाभरात त्या १९ जणांचे जबडे आखडायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. इतर चार बाटल्यांमधून लस घेतलेल्यांपैकी कुणालाच काही झालं नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने बोट दाखवलं ते परळकडे. बाटली तिथंच दूषित झाली असणार, कारण हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळलं होतं. हाफकिन यांना आधी रजेवर पाठवलं, मग पदावरून दूर केलं. सहा-सात वर्षं ज्या शहरासाठी त्यांनी आपलं शरीर पणाला लावलं, तिथून ते आरोपी म्हणून बाहेर पडले. नंतर काही लोकांनी या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हटलं. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं गेलं होतं, त्यावरून हे नाव.

आता चिमट्याकडे येऊ.

मुलकोवालला त्या दिवशी नेमकं काय झालं याच्या जबान्यांमध्ये एक साधी गोष्ट होती. ५३ एन बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. मातीत. तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्यानेच बूच ओढलं. मुंबईच्या सूचनेत चिमटा ज्योतीवर धरायला सांगितलं होतं. पंजाबात ठेवणीतली पद्धत रसायनात बुडवण्याची होती.

धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, गुराढोरांच्या शेणात राहतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. ज्वारीचा दाणा कणगीत वर्षानुवर्षं पडून राहावा आणि पाऊस लागला की उगवावा, तसं त्याचं. कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुडवल्याने साधे जंतू मरतील, बीजाणूला त्याचा पत्ताही लागत नाही. तो बुचासोबत बाटलीत पडला आणि तिथून १९ जणांच्या दंडात गेला, हा सगळ्यांत पटणारा खुलासा होता.

दुसराही एक पुरावा होता. बाटली उघडताना डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता आणि काही वावगं जाणवलं नव्हतं. बाटली परळला भरून त्या वेळी ४१ दिवस झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर घाण वास आला असता.

यातली गंमत पाहा, आणि ही गंमत कडू आहे. हाफकिन यांच्यावर ठपका आला तो रसायन सोडून उष्णतेवर भरवसा ठेवल्याचा. प्रत्यक्षात माणसं मेली ती कुणीतरी उष्णता सोडून रसायनावर भरवसा ठेवल्यामुळे.

मग ड्रिलला बुडवून का चालत नाही

आता दाताच्या खुर्चीकडे परत येता येईल.

आजच्या दवाखान्यात कार्बोलिक आम्ल नाही, त्याच्या जागी ग्लुटराल्डिहाइडसारखी द्रावणं आहेत. २ टक्क्यांच्या या द्रावणात बीजाणू मरायला साधारण १० तास लागतात. दहा-वीस मिनिटं बुडवून काढलेलं अवजार निर्जंतुक झालं असं म्हणता येत नाही. स्पिरिटचं तर नावच नको, बीजाणूंवर ते काम करत नाही.

तुम्ही म्हणाल, दाताच्या दवाखान्यात धनुर्वाताची भीती किती? फारशी नाही. तिथं खरी काळजी असते रक्तातून जाणाऱ्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची. हे विषाणू बीजाणूंपेक्षा खूप नाजूक असतात. पण ड्रिलच्या दात्यांमध्ये दाताचा भुगा, रक्त आणि लाळ अडकते. त्या थराखाली नाजूक विषाणूही द्रावणापासून सुरक्षित राहतो. म्हणूनच आधी ब्रशने किंवा अल्ट्रासोनिक मशीनमध्ये स्वच्छता, मग वाफ, हा क्रम. ऑटोक्लेव्ह नीट चालतोय का हे तपासायलाही बीजाणूंच्याच पट्ट्या वापरतात. सर्वांत चिवट जो आहे तो मेला, तर बाकीचे मेलेच.

ड्रिल म्हणतो त्यात खरं तर दोन वस्तू असतात. हातात धरायचा तो हँडपीस. त्याच्या टोकाला बसणारी छोटी काडी, तिला डॉक्टर बर म्हणतात. हँडपीसमधली टर्बाइन हवेच्या जोरावर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. ती थांबताना तोंडातलं पाणी आणि लाळ थोडी आत ओढू शकते. म्हणजे बाहेरून पुसून काही होत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट पुढे आलं आणि दर पेशंटनंतर हँडपीसही उष्णतेनेच निर्जंतुक करायचा, असं अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणेने सांगायला सुरुवात केली. आज सगळीकडे तोच दंडक मानला जातो.

आता वाफ ड्रिलचं काय करते ते बघू.

एक गैरसमज असा की उष्णतेने पोलाद मऊ पडतं. विळ्याला लोहार पाणी देतो, तो विळा चुलीत पडला की पाणी उतरतं, हे गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. ज्योतीवर धरलेल्या चिमट्याचं तसं होऊ शकतं. ऑटोक्लेव्हच्या १३४ अंशांत मात्र पोलादाचं पाणी उतरण्याइतकी आच नसते. नुकसान करते ती वाफेतली ओल. साध्या कार्बन पोलादाचे बर गंजतात आणि धार बोथट होते. म्हणून ते आता फारसे वापरात नाहीत.

जास्त वापर आहे टंगस्टन कार्बाइडच्या बरचा. कार्बाइडचे कण अतिशय कठीण असतात, पण त्यांना एकत्र बांधून ठेवतो कोबाल्ट धातू. बांधकामात विटा मजबूत आणि सिमेंट कच्चं असं काहीसं हे आहे. ओल आणि काही जंतुनाशक द्रावणं या कोबाल्टला खातात. धारेवरचे कण सुटतात, कडा खडबडीत होते. शिवाय डोकं कार्बाइडचं आणि दांडी पोलादाची, त्यामुळे जोडाशी गंज धरण्याची शक्यता. गंमत म्हणजे वाफ नको म्हणून जी द्रावणं वापरावीत, त्यांतली काही कार्बाइडला वाफेपेक्षा जास्त त्रास देतात.

डायमंड बरमध्ये हिऱ्याचे बारीक कण निकेलच्या थराने दांडीला चिकटवलेले असतात. वाफेचा त्यांच्यावर परिणाम कमी. ते संपतात ते वापराने. कण झडतात किंवा मधल्या जागेत भुगा गच्च बसतो.

हँडपीसचं दुखणं वेगळं. आतले बेअरिंग, रबरी रिंगा, बर पकडणारा चिमटा, दिव्याची काचतंतूंची नळी. वाफेने रबर कडक होतं, तेल निघून जातं, बरची पकड सैल होते, उजेड मंदावतो. म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याआधी तेल देणं आलं आणि फेरी संपल्यावर ओला ठेवून न देणं आलं.

इथं विदर्भाचा एक स्थानिक मुद्दा जोडतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो आपण रोज बघतो. हेच पाणी ऑटोक्लेव्हमध्ये ओतलं तर तोच थर अवजारांवर आणि मशीनच्या पोटात बसतो, डाग पडतात, गंज लवकर येतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर. त्यात भर विजेची. फेरी मध्येच तुटली तर ती धरता येत नाही, पहिल्यापासून करावी लागते. म्हणजे एका पेशंटसाठी ड्रिलने दोनदा वाफ खाल्ली.

मग वाफेने किती आणि वापराने किती, हे वेगळं कसं काढायचं? प्रयोगशाळेत त्यासाठी बरचे गट करतात. एक गट फक्त कापतो, एक गट फक्त ऑटोक्लेव्हमधून फिरतो, एक गट दोन्ही करतो. मग ठराविक दाबाखाली ठराविक वेळात किती खोल कापलं जातं ते मोजायचं आणि धार सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. बरचा प्रकार आणि कंपनी बदलली की निकाल बदलतात. तरी एकूण कल असा की धार घालवण्यात मोठा वाटा कापण्याचा असतो, वाफेचा वाटा त्यावर चढतो, आणि कार्बाइडमध्ये तो डायमंडपेक्षा जास्त दिसतो.

बोथट ड्रिलने फरक काय पडतो हेही सांगायला हवं, कारण खरा धोका इथं आहे. धार गेली की डॉक्टर नकळत जोर वाढवतो. जोराने घर्षण, घर्षणाने उष्णता. १९६५ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दाताच्या आतल्या गराचं तापमान साडेपाच अंशांनी वाढवल्यावर १५ टक्के दातांचा गर मेला होता. इम्प्लांट बसवताना तर थेट जबड्याच्या हाडाला भोक पाडतात. हाडाचं तापमान ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तर त्या पेशी मरायला लागतात आणि इम्प्लांट धरत नाही. पाण्याचा फवारा सतत चालू ठेवतात तो यासाठीच.

तर दोन्ही बाजूंनी पेशंटच अडकलेला. वाफ टाळली तर संसर्ग, आणि तेच ड्रिल वाफवत वापरत राहिलं तर भाजणं. माझ्या मते यातून वाट एकच निघते आणि ती खर्चाची आहे. फेऱ्या मोजायच्या, बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा झाला किंवा धार गेली की बर फेकून द्यायचा. काही बर तर एकदाच वापरायचे म्हणून विकले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचेच नाहीत. हा खर्च बिलात येणार हे धरून चालावं लागेल. खुर्चीत बसण्याआधी बर नवा आहे की ऑटोक्लेव्ह केलेला, हँडपीस पाकिटातून काढला का, एवढं विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

निर्दोष, पण उशिरा

हाफकिन यांना असं विचारणारं बराच काळ कुणी भेटलं नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे तपासून बाटली उघडतानाच दूषित झाली असावी असा अंदाज दिला, तरी सरकार ढिम्म. अखेर सगळी कागदपत्रं बाहेर आल्यावर रोनाल्ड रॉस यांनी विषय हातात घेतला. डासांमधून मलेरिया पसरतो हे सिद्ध करून नोबेल मिळवलेले हे तेच रॉस. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. त्यात हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही, हे मुद्देसूद मांडलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला सरकारने त्यांना परत बोलावलं. मुलकोवालच्या घटनेला तोवर पाच वर्षं झाली होती.

परळची जागा भरली गेली होती. त्यांना कोलकात्याला पाठवलं. लसीच्या मोठ्या चाचण्या करायची मोकळीक मिळाली नाही. १९१४ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षाच्या आसपास, ते निवृत्त होऊन युरोपला गेले आणि जंतुशास्त्रापासून जवळजवळ दूर झाले. लग्न केलं नव्हतं. उरलेली वर्षं त्यांनी आपल्या धर्माच्या अभ्यासात आणि पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणात घातली. ज्या धर्मासाठी ओडेसात प्राध्यापकी सोडली, त्याच्याकडेच ते परतले. साठवलेला पैसा १९२९ मध्ये एका निधीत ठेवला, त्यातून ज्यू धर्मशाळांना मदत जायची. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या लशीचं काम मात्र परळला थांबलं नव्हतं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेचं नाव बदलून हाफकिन इन्स्टिट्यूट करायचं ठरलं. ही बातमी कळल्यावर हाफकिन यांनी संस्थेला उत्तर पाठवलं. त्यात मुलकोवालचा उल्लेख नव्हता. मुंबईतल्या कामात आपल्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं गेली, एवढं त्यांनी कृतज्ञतेने कळवलं होतं.